लाईट आल्यावर सर्व्हर आत काय तपासतो, आणि ते आपण कसं बघायचं?

गंगाखेडात लाईट जाणे ही काही बातमी नाही. उन्हाळ्यातला वादळी पाऊस असो, तारेवर पडलेली फांदी असो की नुसतंच ट्रिपिंग, लाईट जाते आणि येते. पंख्याला, ट्यूबलाईटला त्याचं काही वाटत नाही. शाळेच्या ऑफिसात, मदरशाच्या लायब्ररीत किंवा मस्जिद ट्रस्टच्या कपाटाशेजारी ठेवलेल्या सर्व्हरला मात्र वाटतं. लाईट परत आली की तो सुरू होतो. कधी दोन मिनिटांत, कधी वीस मिनिटांत, तर कधी होतच नाही. समोर बसलेल्याला फक्त काळी स्क्रीन किंवा गोल फिरणारं चिन्ह दिसतं. मग कुणीतरी कंटाळून बटण दाबून ठेवतो, मशीन बंद करतो आणि पुन्हा चालू करतो. लाईट गेल्याने झालं नसेल एवढं नुकसान कधी कधी या एका बटणाने होतं.

सर्व्हर म्हटलं की लोकांना मोठ्या कंपनीची एसी खोली आठवते. आपल्याकडे तसं काही नसतं. बहुतेक ठिकाणी जुना डेस्कटॉप असतो, त्यात दोन हार्डडिस्क आणि वर उबंटू किंवा डेबियन, म्हणजे लिनक्स. लायसन्सचे पैसे लागत नाहीत, जुन्या मशीनवर नीट चालतं, म्हणून आम्हीही शिक्षक मित्रांना तेच सुचवतो. मात्र लिनक्स टाकून देणारा मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला निघून जातो आणि मशीन आपल्या गळ्यात राहतं. अशा मंडळींसाठी हा लेख आहे.

आधी त्या मशीनवर काय असतं ते बघू, कारण त्यावरूनच काळजी किती घ्यायची हे ठरतं. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळातली कितीतरी शालेय आणि महसुली कागदपत्रं उर्दूत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यात उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची किती गरज पडली हे सगळ्यांनी पाहिलं. आपल्या घरांचा प्रश्नही त्याच जातीचा आहे. बागवान, तांबोळी, अत्तार अशा ओबीसीत येणाऱ्या बिरादरीतल्या मुलाला जातीचा दाखला आणि पुढे पडताळणी करायची असेल, तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. तो पुरावा बहुतेक वेळा आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात सापडतो. कागद पिवळा पडलेला, कडा तुटलेल्या. म्हणून शाळा ती रजिस्टरं स्कॅन करून ठेवतात. वक्फच्या मालमत्तांचं तसंच. ६ जून २०२५ ला केंद्राचं उमीद पोर्टल सुरू झालं, आणि मुतवल्लींनी जुने दस्त, नकाशे, सातबारे स्कॅन करण्याची धावपळ केली. अपलोड झालं, पण मूळ स्कॅन कुठे आहेत? त्याच कोपऱ्यातल्या मशीनवर.

कच्ची वही आणि खतावणी

हार्डडिस्कवर फाइल कशी राहते? रजिस्टराचं एक पान स्कॅन केलं तर त्याचे तुकडे डिस्कवर वेगवेगळ्या ठिकाणी पडतात. कुठला तुकडा कुठे आहे, फाइल केवढी आहे, मालक कोण, हे सांगणारी एक नोंद वेगळी असते. लिनक्सच्या भाषेत तिला आयनोड म्हणतात. फाइलचं नाव तिसरीकडेच, फोल्डरच्या यादीत असतं. आणि डिस्कवर कुठली जागा भरलेली, कुठली मोकळी याचा हिशेब चौथीकडे. या सगळ्या व्यवस्थेला फाइलसिस्टीम म्हणायचं. लिनक्सवर सर्रास वापरली जाते ती एक्स्ट-फोर. ती २००८ च्या अखेरीस लिनक्समध्ये वापरायोग्य म्हणून जाहीर झाली.

आता समजा फाइल लिहिताना आयनोड भरला गेला, पण मोकळ्या जागेचा हिशेब दुरुस्त व्हायच्या आत लाईट गेली. आयनोड म्हणतो ही जागा माझी, हिशेब म्हणतो ती मोकळी. उद्या त्याच जागेवर दुसरी फाइल लिहिली जाईल, आणि एका पानात दुसऱ्या पानाचा तुकडा शिरेल. हे शोधून जुळवायचं काम जो प्रोग्रॅम करतो त्याचं नाव एफएससीके, म्हणजे फाइलसिस्टीम चेक. १९७० च्या दशकात युनिक्ससाठी टेड कोवाल्स्की यांनी तो लिहिला, आणि त्याच नावाने आजही चालतो. विंडोज वापरणाऱ्यांनी चेकडिस्कची स्क्रीन पाहिली असेल. त्याचाच हा थोरला भाऊ.

जुन्या एक्स्ट-टू मध्ये प्रत्येक वेळी लाईट गेली की सगळी डिस्क तपासावी लागे. मग २००१ मध्ये एक्स्ट-थ्री लिनक्सच्या मूळ गाभ्यात आली आणि तिने जर्नल आणलं. किराणा दुकानदाराला हे लगेच कळेल. तो आधी कच्च्या वहीत, रोजकीर्दीत लिहितो, संध्याकाळी खतावणीत चढवतो. मध्येच काही झालं तर कच्ची वही उघडायची, शेवटच्या चार नोंदी बघायच्या, खतावणी पुरी करायची. सगळ्या वर्षाचा हिशेब पुन्हा मांडावा लागत नाही. जर्नल हेच करतं. म्हणून लाईट गेल्यावर आता बहुतेक वेळा सर्व्हर काही सेकंदांत उभा राहतो. स्क्रीनवर ‘रिकव्हरिंग जर्नल’ अशी ओळ येते आणि पाठोपाठ ‘क्लीन’.

‘क्लीन’ या शब्दावर जाऊ नका

इथे आम्हाला जरा थांबावंसं वाटतं, कारण बहुतेकांची फसगत याच शब्दावर होते. सुरू होताना डिस्कच्या नावापुढे ‘क्लीन’ लिहून येतं, मग किती फाइल, किती ब्लॉक असे आकडे येतात. वाचणाऱ्याला वाटतं तपासणी झाली, सगळं ठीक निघालं. तसं नाही. डिस्कवर एक खूण असते: मागच्या वेळी नीट बंद केलं होतं की नाही. ती खूण चांगली दिसली, किंवा जर्नलमधून नोंदी पुऱ्या झाल्या, की प्रोग्रॅम ‘क्लीन’ म्हणून पुढे जातो. आत उतरून काही बघत नाही. हजेरीपटावर ‘सर्व हजर’ असं कालच लिहिलेलं वाचून वर्गात न जाता निघून यावं, तसं.

मग खरी, पूर्ण तपासणी कधी होते? पूर्वी डिस्क ठरावीक वेळा वापरात आली, साधारण वीस-तीस-चाळीस वेळा, किंवा सहा महिने झाले, की आपोआप पूर्ण तपासणी व्हायची. २०११ च्या सुमारास एक्स्टच्या साधनांच्या १.४२ या आवृत्तीत हा नियम नव्या डिस्कसाठी मूळ सेटिंगमधून काढून टाकला. कारण बरोबरच होतं. मोठा सर्व्हर नेमक्या कामाच्या वेळी रीस्टार्ट केला आणि तो तासभर तपासणीत बसला तर कुणाला परवडेल? पण त्याचा परिणाम असा की आपल्यासारख्यांच्या मशीनवर वर्षानुवर्षं एकदाही पूर्ण तपासणी झालेली नसते, आणि रोज सकाळी ‘क्लीन’ मात्र लिहून येतं.

तुमच्याकडे काय स्थिती आहे हे पाच मिनिटांत बघता येतं. टर्मिनल उघडायचं आणि सुडो लावून ट्यून-टू-एफएस ही कमांड डॅश एल या पर्यायासह, पुढे डिस्कच्या भागाचं नाव देऊन चालवायची. (कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. आम्ही इथे उच्चार लिहितो. ‘टू’च्या जागी आकडा २ येतो, आणि डॅश एल मधला एल लहान लिपीतला.) लांबलचक यादी येते. त्यातल्या चार ओळी वाचा: फाइलसिस्टीम स्टेट, माउंट काउंट, मॅक्झिमम माउंट काउंट आणि लास्ट चेक्ड. मॅक्झिममच्या पुढे उणे एक असेल तर आपोआप तपासणी बंद आहे. आणि लास्ट चेक्डची तारीख डिस्क तयार केल्याच्या तारखेएवढीच जुनी असेल, तर समजा की तपासणी आजवर झालीच नाही. ही कमांड फक्त वाचते, काही बदलत नाही. बिनधास्त चालवा.

तपासणी परत चालू करायची तर हीच कमांड डॅश सी आणि एखादा आकडा, समजा तीस, देऊन चालवायची; किंवा डॅश आय देऊन मुदत ठरवायची, तीन महिने म्हणजे ३ला चिकटून एम. शाळेसाठी आम्हाला मुदतीपेक्षा मोजणी बरी वाटते. मुदत नेमकी दहावीच्या निकालाच्या दिवशी संपते! दोन्हीपेक्षा बरं म्हणजे दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी स्वतः मुद्दाम तपासणी लावणं. त्यासाठी बूट होताना येणाऱ्या ग्रब मेनूत ई दाबून, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘एफएससीके डॉट मोड’, मग बरोबरचं चिन्ह, मग ‘फोर्स’ असं लिहितात. ते त्या एका वेळेपुरतंच लागू होतं.

आणखी एक जागा बघून ठेवा. ईटीसी फोल्डरात एफएसटॅब नावाची फाइल असते, त्यात प्रत्येक डिस्कची एक ओळ. ओळीतला सहावा, शेवटचा आकडा तपासणीचा. मुख्य डिस्कला १, बाकीच्यांना २, आणि ० म्हणजे या डिस्कला हातच लावू नका. दुसरी डिस्क नंतर बसवणारे पुष्कळ जण इथे शून्य लिहून मोकळे होतात. स्कॅन नेमके त्याच दुसऱ्या डिस्कवर असतात. शिवाय त्या ओळीत नोफेल हा शब्द असेल तर डिस्क सापडली नाही तरी सर्व्हर सुरू होतो. सोय म्हणून ते चांगलं, पण मग नवे स्कॅन भलत्याच जागी साठत राहतात आणि कुणाला पत्ता लागत नाही.

चालू असताना बघायचं कसं

काळी स्क्रीन असेल तर आधी एस्केप दाबून बघा. उबंटूवर चिन्हाच्या पडद्यामागे खरे संदेश चालू असतात, ते दिसू लागतात. कायमचं हवं असेल तर ग्रबच्या सेटिंगमधून क्वाएट आणि स्प्लॅश हे दोन शब्द काढून टाकतात आणि अपडेट-ग्रब चालवतात. सर्व्हरवर ते शब्द नसावेतच असं आमचं मत आहे. सुंदर चित्र बघायला आपण सर्व्हर लावत नाही.

पूर्ण तपासणी पाच फेऱ्यांत होते, आणि स्क्रीनवर ‘पास वन’ ते ‘पास फाइव्ह’ असं येतं. पहिल्या फेरीत प्रत्येक आयनोड आणि त्याच्या ताब्यातली जागा. दुसरीत फोल्डरांच्या याद्या. तिसरीत प्रत्येक फोल्डर मुळाशी जोडलेलं आहे का. चौथीत एकेका फाइलकडे किती नावं बोट दाखवतात. पाचवीत मोकळ्या-भरलेल्या जागेचा एकूण ताळेबंद. पहिली फेरी सहसा सर्वांत लांबते, म्हणून तिथे आकडा हळू सरकतोय असं वाटलं तर घाबरू नका. वेळ फक्त डिस्कच्या आकारावर ठरत नाही, फाइलींच्या संख्येवरही ठरतो. चार मोठे व्हिडिओ असलेली डिस्क लवकर सुटते. रजिस्टराच्या पानांचे लाखभर छोटे स्कॅन असलेली तेवढ्याच आकाराची डिस्क जास्त वेळ घेते.

या वेळात बटण दाबायचं नाही. प्रोग्रॅम नोंदी दुरुस्त करत असताना वीज तोडली, तर अर्धी दुरुस्त, अर्धी जुनी अशी अवस्था होते. मशीन जिवंत आहे की गोठलंय हे कळण्यासाठी हार्डडिस्कचा छोटा लाल किंवा पिवळा दिवा बघा. लुकलुकत असेल तर काम चालू आहे. शाळेत शिपाईमामांना, मदरशात हाफिजसाहेबांना एवढं एकच सांगून ठेवलं तरी पुष्कळ.

लिनक्स सुरू झाल्यावर मागे वळून बघायचं असेल तर जर्नलसीटीएल ही कमांड आहे. (हे जर्नल म्हणजे सिस्टीमची नोंदवही, वर सांगितलेल्या डिस्कच्या जर्नलशी तिचा संबंध नाही. नावं ठेवणाऱ्यांनी जरा विचार करायला हवा होता.) डॅश बी दिलं की या वेळच्या बूटच्याच नोंदी येतात, आणि त्यात सिस्टीमडी-एफएससीके हे नाव शोधायचं. पण एक पाचर आहे. डेबियन आणि उबंटूवर मुख्य डिस्कची तपासणी फार आधी, सिस्टीमडी जागं व्हायच्या आत होते. तिची नोंद रन फोल्डरातल्या इनिट-रॅम-एफएस या फोल्डरात एफएससीके डॉट लॉग नावाच्या फाइलीत मिळते. रन फोल्डर मेमरीत असतं, डिस्कवर नसतं. म्हणजे रीस्टार्ट केलं की जुनी नोंद गेली. म्हणून ज्या दिवशी शंका वाटेल त्याच दिवशी ती फाइल दुसरीकडे कॉपी करा. जमत असेल तर प्रत्येक बूटनंतर तारखेच्या नावाने ती आपोआप कॉपी होईल अशी छोटी स्क्रिप्ट लावून घ्या. आपल्या बारावी सायन्सच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला सांगा, करून देईल. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीतून फुकट आहेत, तिथून सुरुवात होते.

तपासणी संपल्यावर प्रोग्रॅम एक आकडा परत देतो. ० म्हणजे चूक नाही. १ म्हणजे चुका होत्या, दुरुस्त केल्या. २ म्हणजे रीस्टार्ट करा. ४ म्हणजे चुका आहेत आणि तशाच सोडल्या आहेत. ८ म्हणजे प्रोग्रॅमलाच काम करता आलं नाही. आकडे एकत्र होऊनही येतात. ३ दिसला तर तो १ आणि २ मिळून. एकदा १ आला तर लाईटचा झटका समजून सोडून देता येईल. दर आठवड्याला १ येऊ लागला तर डिस्क, केबल किंवा पॉवर सप्लाय यांपैकी काहीतरी जातंय, आणि ते शोधायला हवं.

४ आला की सर्व्हर अडतो. ‘अनएक्स्पेक्टेड इन्कन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली’ असं लिहून येतं. कधी तो इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा पासवर्ड मागतो, कधी नुसताच इनिट-रॅम-एफएसचा कोरा प्रॉम्प्ट देतो. मॉनिटर जोडलेला नसेल तर बाहेरून इतकंच कळतं की सर्व्हर मेला. म्हणून सर्व्हरजवळ एक जुना का होईना मॉनिटर आणि कीबोर्ड ठेवावा. या वेळी तपासणी हाताने चालवायची असते आणि प्रत्येक प्रश्नाला हो किंवा नाही म्हणायचं असतं. डॅश वाय दिलं की सगळ्याला हो. आमचा सल्ला: ज्या डिस्कची दुसरी प्रत कुठेच नाही, तिच्यावर आधी डॅश वाय चालवू नका. डॅश एन देऊन बघा. त्यात प्रोग्रॅम फक्त चुका सांगतो, दुरुस्ती करत नाही. यादी शे-दोनशे ओळींची असेल तर डिस्क काढा, जाणकाराकडून तिची जशीच्या तशी प्रत करून घ्या, मग दुरुस्ती. ‘हो’ म्हणजे कधी कधी ‘ही नोंद पुसून टाक’ असाही अर्थ होतो.

आणि चालू, वापरात असलेल्या डिस्कवर दुरुस्तीची तपासणी कधीही चालवायची नाही. प्रोग्रॅम स्वतः इशारा देतो, तो खरा माना.

दुरुस्तीनंतर लॉस्ट-अँड-फाउंड नावाचं फोल्डर उघडून बघा. ज्यांचं नाव हरवलं पण मजकूर सापडला अशा फाइली तिथे नुसत्या आकड्यांच्या नावाने पडलेल्या असतात. स्कॅनची चित्रं असतील तर एकेक उघडून ओळखता येतात. उर्दू रजिस्टर वाचणारा माणूस इथे इंजिनिअरपेक्षा उपयोगी पडतो.

जुन्या डेस्कटॉपवर आणखी एक गंमत होते. मदरबोर्डवरची रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी, सीआर २०३२, संपलेली असते. लाईट गेली की मशीनचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग तपासणी करणारा प्रोग्रॅम म्हणतो, ही डिस्क शेवटची वापरली ती तारीख भविष्यातली आहे, आणि दर वेळी कुरकुर करतो. लोक डिस्क बदलायला निघतात. किरकोळ किमतीची बॅटरी बदलून बघा आधी.

एवढं सगळं केलं तरी एफएससीके काय करत नाही तेही माहीत असू द्या. तो नोंदी जुळवतो, मजकूर वाचत नाही. स्कॅन केलेल्या पानाच्या मधला भाग बिघडला असेल, पण आयनोड आणि जागेचा हिशेब जुळत असेल, तर तो ० देऊन निघून जातो. डिस्क स्वतः मरायला टेकली आहे का, हेही त्याचं काम नाही. त्यासाठी स्मार्ट-सीटीएल नावाचं वेगळं साधन आहे, त्यात रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरचे आकडे वाढताहेत का ते बघायचं. कुणी तुमच्याकडे एक्स्ट-फोरऐवजी एक्सएफएस टाकलं असेल तर बूटच्या वेळी एफएससीके काहीच करत नाही. एक्सएफएस डिस्क जोडतानाच आपलं जर्नल पुरं करतं, दुरुस्तीसाठी एक्सएफएस-रिपेअर हाताने चालवावं लागतं.

आणि तपासणी म्हणजे बॅकअप नव्हे. १९५० च्या रजिस्टराचं स्कॅन एकाच डिस्कवर असेल, तर ती रोज तपासली तरी ती एकच डिस्क आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मुंबईवर ही वेळ येते तर गंगाखेडची काय कथा. दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर, ती डिस्क दुसऱ्या इमारतीत. सर्व्हरला लहानसा यूपीएस, आणि त्याची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून, बॅटरी कमी झाली की मशीन स्वतः नीट बंद होईल अशी सोय. नट नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे करतं. केबल न जोडता नुसता यूपीएस ठेवला तर लाईट दहा मिनिटं उशिरा जाते, इतकंच.

या आठवड्यात करायचं झालं तर ट्यून-टू-एफएस चालवून लास्ट चेक्डची तारीख एका कागदावर लिहा आणि तो कागद सर्व्हरच्या कॅबिनेटला चिकटवा. खाली दोन ओळी: ‘सुरू होताना वेळ लागला तर बटण दाबू नये’, आणि ज्याला फोन करायचा त्याचं नाव. उर्दूत आणि मराठीत, दोन्ही.